शिवारची वर्गणी

इंदापूर, रविवार, २८ जून १९९८

ऋषिराज आज सकाळच्या गाडीनं पुण्याहून आला आणि दुपारी चारच्या गाडीनं परत गेला. येताना कंपनीत मोडीत निघालेला एक कॉम्प्युटर खोक्यात घालून घेऊन आला. सोबत वायरींचा गुंता आणि टेलिफोनला जोडायची एक चपटी डबी. तिला मोडेम म्हणतात. मला वाटलं काही कामाचं असेल, सातबारे आता म्हणे यातच भरणार आहेत. तर हा म्हणतो, "तात्या, ह्यात एक खेळ हाय. शिवार नावाचा. पुण्यातल्या दोन पोरांनी काढलाय. टेलिफोनवरनं खेळायचा. तुमचा येळ जाईल."

"फुकट हाय का?"

"म्हैन्याला वर्गणी असती. तीन म्हैन्याची मी भरलीया."

तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस, आणि मुलानं त्याला खेळणं आणून दिलं. माझी बायको ठमा असती तर पदर तोंडाला लावून पोट दुखेपर्यंत हसली असती. तो टेबलाखाली वाकून वायरी जोडत होता तेव्हा त्याच्या डोक्यात दोन-चार पांढरे केस दिसले. अजून लग्न व्हायचं आहे त्याचं.

एवढ्या वेळात आमचं बोलणं झालं ते सगळं वायरींबद्दलच. गेल्या कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी ठमा गेली. ऋषी पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. मी चार माणसांत म्हणालो, "आता काय बघाय आलास?" दुःखात माणूस बोलून जातो. एवढ्या शिकलेल्या मुलाला ते कळायला नको? तेव्हापासून तो येतो, माझ्या गोळ्या आणून ठेवतो, नळाची तोटी बदलतो आणि जातो. मी पण धरून बसवत नाही.

गुरुवार, २ जुलै

पहाटे सहाच्या आत एसटीडीचा दर कमी असतो, म्हणून पाचला उठून शिवारात गेलो. मोडेम आधी गुरगुरतं, मग कुणी शेपटीवर पाय दिल्यासारखं केकाटतं. शेजारच्या सिंधुबाई भाकरी द्यायला आल्या तेव्हा विचारत होत्या, "तात्या, मांजार पाळलं काय वो?"

खेळ साधा आहे. चित्रं वगैरे नाहीत, काळ्या पडद्यावर नुसती हिरवी अक्षरं. प्रत्येकाला एक रान मिळतं आणि रानात एक विहीर. रोज इंग्रजीत हुकूम टाइप करायचे, नांगर, पाणी दे, बाजारात ने. मध्ये एक पार आहे, तिथं खेळणारे एकमेकांना निरोप ठेवतात. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. टायपिंगला मी कचेरीत कुणाला हार गेलो नव्हतो, त्यामुळे हात लगेच बसला.

जनावरं निवडायची होती. सगळ्यांनी जर्सी गाई घेतल्या आहेत. मी मेंढ्या घेतल्या. आमचं लासुर्ण्याचं घर मूळ मेंढक्यांचं. मी शाळेत जाईपर्यंत बापाच्या मागं मेंढरं घेऊन कोकणच्या तोंडापर्यंत चाललो आहे. पुढे कॅनॉलच्या पाण्यानं ऊस आला, भाऊ उसात गेला, मी कचेरीत. आता पडद्यावर वीस मेंढ्या आहेत. "तुमच्या मेंढ्या चरत आहेत" एवढंच दिसतं. तरी उगाच दोनदा पाहिलं.

रविवार, १९ जुलै

म्हस्कूआबा, माझा थोरला भाऊ, विहिरीची जळालेली मोटर भरायला टाकायला लासुर्ण्याहून आला होता. जेवायला इथंच थांबला. त्याला शिवार दाखवलं. बराच वेळ चष्मा पुसून बघत होता.

"मेंढरं कुठायत?"

"हितं लिवलंय की, आबा. वीस मेंढ्या."

"लिवलंय व्हय." मग म्हणाला, "आन् ह्याला पैसं लागत्यात?"

"म्हैन्याला."

"जत्रंत पाळण्याला पैसं देतो तवा पोटात गोळा तरी येतोय. ह्येच्यात काय येतंय?"

मी म्हणालो, वेळ जातो. तो म्हणाला, "येळ काय, तो फुकट बी जातोय. आन् म्हैन्याची वर्गणी म्हंजी तू खेळलास तरी द्यायची, न्हाय खेळलास तरी द्यायची. ह्यो खेळ झाला का शेतसारा?"

महसुलात उभी हयात घालवलेल्या माणसाला यावर उत्तर सुचू नये, याची मला लाज वाटली. जाताना दारात थांबून त्यानं विचारलं, "ऋषी येतोय का न्हाय?" मी म्हटलं, येतो की. "तू बोलतोस का त्येच्याशी?" मी म्हटलं, गाडी चुकंल तुझी.

शनिवार, २५ जुलै

शिवारात आज माझी अब्रू गेली.

माझ्या शेजारच्या रानात कोथरूडचा कुणी ‘टायगर’ आहे. त्याचं पीक निघालं होतं, रान मोकळं पडलं होतं. मी काल पहाटे माझ्या मेंढ्या रात्रभरासाठी त्याच्या रानात बसवल्या. आमच्यात हा उपकार असतो. मेंढरं रात्री रानात बसली की लेंड्यांचं खत होतं, पुढचं पीक जोमानं येतं. लोक बापाच्या मागं लागायचे, "आधी आमच्या रानात बसवा" म्हणून. वाघर, म्हणजे जाळं, लावून मेंढ्या कोंडायच्या, शेतकरी धान्य द्यायचा, घरची बाई कालवण आणून द्यायची. मी तर धान्यही मागितलं नाही. म्हटलं शेजारी आहे, आपण होऊन करावं.

आज पहाटे पडद्यावर उमटलं की भीमरावच्या, म्हणजे माझ्या, कळपानं टायगरच्या रानावर हल्ला केला आहे. त्याचा चारा फस्त, मला दहा मेंढ्यांचा दंड. या खेळात मेंढ्या दुसऱ्याच्या रानात पाठवणं म्हणजे चढाई करणं. खेळ काढणाऱ्या पोरांनी मेंढरू बहुतेक मटणाच्या दुकानातच पाहिलं असावं. पारावर टायगरनं सगळ्यांना दिसेल असं लिहिलं होतं, "भीमराव चोर आहे, याच्यापासून सांभाळा." खाली आणखी चौघांनी होकार भरला होता.

इतकी वर्षं नोकरी केली, कुणी चोर म्हटलं नाही. मी खुलासा टाइप केला, चांगला सविस्तर. कुणी वाचला की नाही कोण जाणे, कुणाचंही उत्तर आलं नाही. रात्री ठमाच्या फोटोसमोर बसून तिला सगळं सांगितलं.

रविवार, २ ऑगस्ट

ऋषीचा फोन. "कॉम्प्युटर चालतोय का?"

"चालतोय. पर तुझ्या खेळात माणुसकी न्हाय. मेंढ्या बसवल्या तर चोर म्हणत्यात. म्हैना भरला की बंद करणार मी."

तो म्हणाला, "कुणाच्या रानात बसवल्या हुत्या?"

"हाय एक वाघ. ठेव आता, मीटर पळतंय तुझं."

ठेवला त्यानं. एवढा वेळ तो फोनवर असतो हेच खूप आहे.

रविवार, ९ ऑगस्ट

आज शिवारात नवल घडलं. माझ्या पलीकडचं रान बरेच दिवस ओसाड होतं, ते कुणीतरी घेतलं. नाव ‘पाहुणा’. आणि त्यानं पारावर न लिहिता खासगी निरोप मला पाठवला होता. "नमस्कार भीमराव. आपला खुलासा वाचला. माझं रान मोकळं आहे. आपल्या मेंढ्या बसवाव्यात ही विनंती. धान्य किती द्यायचं ते कळवावं."

मी तो निरोप चारदा वाचला. मग लिहिलं, "धान्य नको, शेजार आहे." त्याचं उत्तर आलं, "असं कसं? रीत मोडून चालत नाही. कालवण मात्र टेलिफोनमधून पाठवता येत नाही, ते माफ करावं."

मी एकटाच मोठ्यानं हसलो. सिंधुबाईंनी भिंतीपलीकडून विचारलं, काय झालं. सोयाबीनची चार पोती माझ्या नावावर आली आहेत. याला ही रीत कुठून माहीत? माण-खटावकडचा असेल, मेंढक्याचं पोर. शहाणं दिसतं.

गुरुवार, २० ऑगस्ट

पाहुणा आणि मी आता रोज पहाटे पाचला येतो. एकाच वेळी दोघं पारावर असलो की लिहिलेलं लगेच दिसतं, समोर बसून बोलल्यासारखं. आधी तो फार पुस्तकी लिहायचा, ‘आपण’, ‘कृपया’. आता आपल्या बोलीत येतो. "आज पाणी कुठल्या रानाला सोडायचं वो?" असं विचारतो.

गाव विचारलं तर म्हणाला, "हुतं एक. सध्या खोलीवर ऱ्हातो." मीही खोदून विचारलं नाही. मी मात्र त्याला बरंच सांगतो. ठमाचं सांगितलं. ती बाजरी पाखडताना गुणगुणायची आणि कुणी आलं की गप्प व्हायची, हेही सांगितलं. हे मी या वहीतसुद्धा आधी लिहिलेलं नाही. त्यानं बराच वेळ काही लिहिलं नाही. मला वाटलं लाइन तुटली. मग आलं, "आजूक सांगा."

रोज निघताना विचारतो, "बीपीची गोळी घ्येतली का?" गोळीचं मी त्याला कधी सांगितलं ते आठवत नाही, पण सांगितलं असेल. म्हातारी माणसं दुखण्याचं आधी सांगतात. मी गोळी घेतो आणि मग लिहितो, घेतली. खोटं लिहायला जीव होत नाही.

शनिवार, २९ ऑगस्ट

गणपतीला ऋषी आला नाही. कंपनीनं आठ दिवस हैदराबादला पाठवलं आहे म्हणे. नैवेद्याचे मोदक सिंधुबाईंनी केले, मी ताटात दोन ठेवून कपाटात झाकून ठेवले, सवयीनं.

पाहुणाही आठवडाभर नाही. ही तरुण माणसं सणाच्या तोंडावर सगळी एकदमच दांडी मारतात. पहाटे पाचला बसतो, पडद्यावर येतं, "पारावर तुम्ही एकटे आहात." पोरांनी हे वाक्य खेळात का घातलं असेल? माझ्या घरात हे वेगळं लिहून दाखवायला नको.

ऋषीची आठवण झाली हे खरं. पण पाहुण्याची जास्त झाली, हेही लिहून ठेवतो. इथं कुणाला दाखवायचं आहे?

रविवार, १३ सप्टेंबर

पाहुणा परत आल्यापासून जरा गप्पच आहे. आज मी छेडलं, लग्नबिग्न ठरलं का? तर म्हणाला, "घरात बोलणारं कोण न्हाय. वडील हायत, पर आमी बोलत न्हाय."

मी विचारलं, का? उत्तर येईपर्यंत मी चहा करून आलो, तरी पडदा कोराच होता. मग हळूहळू अक्षरं आली.

"एकदा चारचौघांत बोलले मला. खरंच बोलले, म्हणून जास्त लागलं. चूक माझीच हुती. पोचायला पायजे हुतं तितं पोचलो न्हाय. तवापासनं त्यांच्यासमोर गेलं की शब्दच फुटत न्हाय."

मला त्या पोराची फार दया आली. मी लिहिलं, "असं बघ. तुझा बाप रागानं बोलला नसणार. घाबरला असेल. घरात एकटाच उभा असेल आणि तू दिसल्यावर त्याला रडू येत असेल, चार माणसांत कसं रडायचं? म्हणून ओरडला. बापांना दुसरं काही येत नाही. तुझी चूक असेल नसेल, त्यानं ते केव्हाच सोडून दिलं असेल. आता त्याला लाज वाटते आणि तुलाही, दोघं दोन टोकांना बसला आहात."

एवढं मोठं मी कधी एका दमात टाइप केलं नव्हतं. मला हे सगळं कुठून सुचलं तेही कळलं नाही. दुसऱ्याच्या घरातलं माणसाला लख्ख दिसतं, एवढं खरं.

त्यानं लिहिलं, "खरंच असं असंल?" मी लिहिलं, "मी बाप आहे. मला माहीत आहे."

गुरुवार, २४ सप्टेंबर

शिवारवाल्यांचं पत्र आलं. सप्टेंबरअखेर वर्गणी संपते, पाच ऑक्टोबरपर्यंत नव्या वर्गणीची मनीऑर्डर केली नाही तर खातं बंद. ऋषीकडे मागणार नाही. त्यानं दिलेल्या तीन महिन्यांचंही मी त्याला कधी बरं म्हटलं नाही, आता मागायला कुठल्या तोंडानं जाऊ? भरायची तर मीच. वरून टेलिफोनचं बिल असं आलं आहे की पोस्टमनसुद्धा माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

दिवसभर विचार केला. वर्तमानपत्राची वर्गणी भरली तर रद्दी तरी उरते. केबलवाला महिन्याला पैसे नेतो, पण त्याच्या बदल्यात घरात दिवसभर माणसांचा आवाज असतो. शिवारात काय? रान माझं नाही, विहीर माझी नाही, मेंढ्या तर नाहीतच. कुळकायद्यानं कसणाऱ्याला काही हक्क तरी मिळाला. इथं तीन महिने कसलं, आणि वर्गणी थांबली की त्याच दिवशी बेदखल. कचेरीत असा अर्ज माझ्यासमोर आला असता तर मी ‘नामंजूर करणेस हरकत नाही’ असा शेरा मारून वर पाठवला असता.

म्हस्कूआबाला विचारायला बसस्टँडवर गेलो होतो, तो साखर न्यायला आला होता. त्यानं खेळाचं काही बोलूच दिलं नाही. म्हणाला, "ठमाचं वर्षश्राद्ध सा तारखंला येतंय, मंगळवारी. ऋषीला सांगितलंस का?"

"त्येच्या आईचं हाय. त्येला म्हाईत नसंल व्हय?"

"म्हाईत असंल. पर तू ये म्हणलास का?"

मी त्याची साखरेची पिशवी गाडीत चढवली. मी त्याला ये म्हणायचं आणि त्यानं ‘रजा न्हाय’ म्हणायचं, हे मला सहन होणार नाही. त्यापेक्षा त्यानं आपण होऊन यावं. मंगळवारी तो दारात दिसला तर मी त्याला पहिल्यासारखा जवळ घेईन, हे आज ठरवलं. आला नाही तर मात्र संपलं. मग तो त्याच्या घरी, मी माझ्या घरी. हे रागानं लिहीत नाही, थकून लिहितो आहे.

गुरुवार, १ ऑक्टोबर, दसरा

सोनं द्यायला गल्लीतली माणसं येऊन गेली. संध्याकाळी घरात आपट्याच्या पानांचा ढीग आणि मी.

पहाटे पाहुण्याला सांगितलं की वर्गणी भरावी की नाही याचा विचार चालू आहे. त्यानं लगेच लिहिलं, "बंद करू नगा." मग थोड्या वेळानं, "म्हंजी तुमची मर्जी." मी म्हटलं, तुझं तरी काय, तुला इतर मित्र असतील. तो म्हणाला, "हितं जेवढं बोलतो तेवढं कुठंच बोलत न्हाय."

मग मी त्याला सरळच म्हणालो. "माझ्याशी बोलतोस ते तुझ्या बापाशी बोल. फोन आहे त्याच्याकडे?"

"हाय."

"मग या रविवारी सकाळी फोन कर. पुढचं-मागचं काही काढू नकोस. नुसतं म्हण, मी येतो. तो नाही म्हणणार नाही."

"म्हणले तर?"

"असा बाप जन्माला यायचा आहे. कर फोन, आणि झाल्या झाल्या इथं येऊन मला सांग. मी वाट बघत बसतो."

त्यानं लिहिलं, "करतो. रईवारी. आठ वाजता."

मला एवढा आनंद झाला की मी ठमाच्या फोटोला जाऊन सांगितलं, एका पोराचं घर जुळवतोय. वर्गणीचं रविवारनंतर बघू. याचं चांगलं झालं तर माझं शिवारातलं काम संपलं, मग बंद करायला हरकत नाही.

रविवार, ४ ऑक्टोबर

सकाळी साडेसातपासून आंघोळ करून कॉम्प्युटरपुढं बसलो होतो. म्हटलं आठला त्याचा फोन, पाच-दहा मिनिटं बापलेक बोलतील, सव्वाआठला तो पारावर येईल. मी आठलाच जोडून बसायचं ठरवलं, न जाणो लवकर आला तर पडदा रिकामा दिसायला नको. मोडेमचं बटण दाबणार तोच टेलिफोन वाजला.

ऋषी होता. नेमकं आजच, नेमकं याच वेळेला.

"तात्या, मी ऋषी."

"वळखला की. काय काम हुतं?"

"काम न्हाय... सहज." त्याचा आवाज बसल्यासारखा वाटला. "गोळी घ्येतली का?"

"घ्येतली. सर्दी झालीया का तुला?"

"न्हाय. तात्या, मंगळवारी..."

माझं लक्ष घड्याळाकडं होतं. आठ वाजून गेले होते. ते पोर तिकडं फोन करत असेल, आणि इकडं माझी लाइन अडकलेली. मी म्हणालो, "मंगळवारचं म्हस्कूआबानं समदं धरलंय. तू रजंची वडाताण करू नगंस."

तो म्हणाला, "मला एक बोलायचं हुतं तुमच्यासंगं."

"मग मागनं कर की. आता मला फोन मोकळा पायजे, एकजण वाट बघाय लागलाय."

"बरं," म्हणाला. "ठेवतो."

ठेवल्यावर जरा चुटपुट लागली. काय बोलायचं असेल? कंपनीचं काहीतरी असेल, नाहीतर लग्नाचं. आज रात्री मीच लावीन फोन, असं ठरवलं. मंगळवारचं त्यानं स्वतःहून काढलं होतं हे खरं, पण येतो असं काही तो म्हणाला नाही. येणाऱ्यानं ते आधी सांगितलं असतं.

मोडेम लावलं तर दोनदा लाइन लागली नाही. तिसऱ्यांदा लागली. पारावर मी एकटाच होतो. साडेआठ झाले, नऊ झाले. मीटरकडं बघायचंच नाही असं ठरवून बसून राहिलो. सव्वानऊला पाहुणा आला.

मी लिहिलं, "केलास का? काय म्हणाले?"

"केला हुता."

"मग?"

"बोलणं झालं न्हाय. त्यांना घाई हुती. कुणीतरी वाट बघत हुतं त्यांची."

माझा संताप संताप झाला. इतक्या महिन्यांनी पोटचं पोर धीर करून फोन करतं आणि बापाला घाई असते! मी लिहिलं, "कोण वाट बघत होतं एवढं? पोरापेक्षा मोठं कोण असतं? येतो म्हणालास का तू?"

"म्हणायच्या आतच नगं म्हणले."

"हा बाप आहे का कोण आहे?" मी टाइप केलं. दोन अक्षरं चुकली. "माझ्यासमोर असता तर चार शब्द सुनावले असते त्याला. तू मनाला लावून घेऊ नकोस. त्याचं मन दगडाचं असेल तर तू काय करणार? तू तुझ्या परीनं केलंस. आता परत फोन करून अपमान करून घेऊ नकोस. तुला काही लागलं, बोलावंसं वाटलं, तर मी इथं आहे. मी कुठं जात नाही."

पडदा कितीतरी वेळ तसाच होता. सिंधुबाई भाकरी ठेवून गेल्या, तरी तसाच. मला वाटलं गेला बिचारा. मग एकेक अक्षर उमटलं.

"व्हय, तात्या."

आजवर तो मला भीमरावच म्हणायचा. घरात मला तात्या म्हणतात हे कधीतरी बोलण्यात आलं असेल, पोरानं लक्षात ठेवलं. मी उठून तोंड धुतलं. परत आलो तेव्हा तो गेला होता.

आता कसलाही विचार करायचा नाही. म्हस्कूआबा काय म्हणायचं ते म्हणू दे. उद्या सोमवारी पोस्ट उघडलं की तीन महिन्यांची नाही, अख्ख्या वर्षाची वर्गणी मनीऑर्डरनं पाठवतो. रात्री ऋषीला फोन लावायचा होता, पण आज नको. आज माझं मन त्या पोरापाशी आहे, ऋषीशी नीट बोलणं व्हायचं नाही. पैशाचं काय एवढं? असं एखादं पोर माझ्या पोटी असतं, तर मला ही वर्गणी भरायची वेळच आली नसती.